खारींकडून शिकलेलं तुझं बोलणं

आक्का,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून वही घेऊन बसले आहे.

नदीवर बायका जात नाहीत, त्यामुळं मी काही पाहिलं नाही. तुझ्या दिनेशनं घरी येऊन सांगितलं. पिंड ठेवला, भटजी दोन पावलं मागं सरले आणि आंब्यावरचा कावळा सरळ खाली येऊन भात घेऊन गेला. कुणाला हात जोडायलाही सवड मिळाली नाही. वाडीतल्या जाणत्या माणसांनी आपापल्या कबुल्या तयार ठेवल्या होत्या. कौलं परतून घेऊ, गाय विकणार नाय, धाकटीला, म्हणजे मला, सांभाळू. एकही कामाला आली नाही. "एवढी बोलणारी बाय, आणि एक पण इच्छा मागं ठेवली नाय?" असं म्हणत मंडळी वर आली. मी चुलीपाशी होते. मला हसू आलं. तोंडाला पदर लावला तर शेजारच्या शेवंताला वाटलं मी रडते आहे. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. मी फिरवू दिला.

तुझी एकच इच्छा होती आणि ती तू जिवंतपणी, तोंडात एक शब्द उरला नसताना, भांडून पुरी करून घेतलीस. त्यात माझाही हात होता. एवढ्या एका बाबतीत मी लाजणार नाही.

मी या घरात आले ती चौथी शिकून आणि तोंड शिवून. मोठ्या दिरांसमोर धाकट्या सुनेनं बोलायचं नाही अशी रीत होती. बाकीच्या सुनांना ती जाचायची, मला फार सोयीची पडली. तुला पहिल्या दिवशी मी "अहो जाऊबाई" म्हणाले तर तू म्हणालीस, "अहो काय गो? मी काय तलाठी हाय?" तेव्हापासून आक्का आणि तू. माझं सगळं बोलणं तूच बोललीस. कासार आला की माझ्या हाताचं माप तू सांगायचीस. महाडला दवाखान्यात नेलंस की माझं पोट कुठं दुखतं ते डॉक्टरला तू सांगायचीस, आणि बऱ्याचदा चुकीचं सांगायचीस. आपल्या दोघींचे मालक गेले, दिनेश नोकरीला मुंबईत गेला, मला मूलबाळ नव्हतं. घरात दोघीच राहिलो तरी तू दोघींपुरतं बोलायचीस.

आणि मी ऐकायचे. तुझंच ऐकायचे असं मात्र नाही. आपण ओटीवर नाचणी पाखडत असायचो, तू वरंधच्या कुणाच्या तरी लग्नातली गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असायचीस आणि माझा कान परसातल्या फणसाकडे असायचा. तिथं खारींचं कुटुंब होतं. एक शेपूट तुटलेली म्हातारी, तिला मी लांडी म्हणायचे, तिच्या दोन-तीन लेकी आणि दर वर्षीची पिल्लं. हळूहळू मला कळायला लागलं की त्या सारखंच ओरडत नाहीत. वरून घार फिरली की एकच आवाज, बारीक, टोचल्यासारखा, आणि सगळ्या खोडाला चिकटून गप्प. मांजर आलं की चिक् चिक् चिक् असं लांबत जाणारं ओरडणं, प्रत्येक आवाजाला शेपटीचा झटका, आणि मांजर दिसेनासं होईपर्यंत थांबायचं नाव नाही. पिल्लं आईला चिकटली की आणखी एक आवाज, तो तर कढईत तेल तापायला लागल्यासारखा, अगदी जवळ गेलं तरच ऐकू येणारा.

"धाकटे, पाखडतेस का झोपलीस?"

"मागं मांजर आलंय."

"तुला कसं म्हाईत?"

"खार ओरडते ना."

"खार तर दिवसभर ओरडते. आधी माणसांशी बोलायला शिक, मग खारींकडं जा."

मग तो लाकडांचा दिवस आला. तू चुलीला लाकूड काढायला मागच्या राशीकडे गेलीस. फणसावरच्या सगळ्या खारी खालच्या फांदीवर उतरल्या होत्या, सगळ्यांची तोंडं राशीकडे, आणि सगळ्या एकदम ओरडत होत्या. मांजर कुठं दिसत नव्हतं. तू वाकलीस तशी मी ओरडले, "आक्का, हात घालू नको!" आणि धावत येऊन तुझं मनगट धरलं. काठीनं वरचं लाकूड हलवलं तर खालून घोणस निघाली, मनगटाएवढी जाड. ती कुंपणाबाहेर सरपटत जाईपर्यंत दोघी तशाच उभ्या होतो. मग तू पहिला प्रश्न विचारलास तो सापाबद्दल नव्हता.

"एवढा मोठा आवाज कुठं ठेवला होतास गो तू?"

त्यानंतर तू जे केलंस त्याबद्दल मी तुला बरेच दिवस माफ केलं नव्हतं. साऱ्या वाडीला सांगत सुटलीस, आमच्या धाकटीला खारींची भाषा येते. शेवंता दुसऱ्या दिवशी आली. "विचार ना गो तुझ्या खारीला, माझी कानातली कुडी कुणी नेली?" मी घरात पळाले. तू ओटीवरून तिला म्हणालीस, "खार म्हणते, तुझ्याच गादीखाली बघ." आणि कुडी तिथंच मिळाली, तेव्हा तर माझी धडगत राहिली नाही.

पण खरं सांगू का आक्का, मला थोडी मस्ती चढली होती. म्हणून तर पुढं ती फजिती झाली. एक दिवस राशीकडे तोंड करून खार ओरडायला लागली आणि मी, जिचा आवाज शेजारी जात नाही ती, "साप, साप" म्हणून ओरडले. पाच-सहा जण काठ्या घेऊन आले. बघतात तर दोरीवर वाळत घातलेल्या तुझ्या लुगड्याचा पदर वाऱ्यानं सुटून लाकडांत वळवळत होता. शेवंताचा नवरा काठी टेकून गंभीर तोंडानं म्हणाला, "वैनी, लुगडं मारायचं का जित्तं सोडायचं?"

दोन दिवस मी माजघराबाहेर आले नाही. तिथंच बसून तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवला आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. त्या दिवशी ओरडत होतं ते एकटं पिल्लू. लांडीनं मान वर केली होती, लुगड्याकडे बघितलं होतं आणि परत फणसाचा गरा खायला लागली होती. मी पिल्लाचा आवाज ऐकला आणि म्हातारीकडे बघायचं विसरले. नुसता आवाज ऐकून काही कळत नाही. तो आवाज झाल्यावर बाकीच्या काय करतात ते बघायचं, मग कळतं. हे मी तुला येऊन सांगितलं. आयुष्यात मला स्वतःला सुचलेली ही पहिली गोष्ट होती.

तू म्हणालीस, "त्यात काय नवीन? पोर बोंबललं तर आईनं आधी बघायचं, मग उठायचं. दिन्याला वाढवलाय मी."

आणि तिथंच आपलं भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझं म्हणणं, खार घाबरते म्हणून ओरडते, चटका बसल्यावर आपण ओरडतो तशी. माझं म्हणणं, ती सांगते. तू म्हणायचीस, "सांगते तर मग पिकलेलं बोर मिळाल्यावर का नाय ओरडत? या गो सगळ्या, खाऊया म्हणून?"  तू सूप आपटून म्हणायचीस, "बघ! हरलीस."

उंदराच्या त्या पिल्लाचं तुला आठवत असेल. माळ्यावरची नाचणीची पोती हलवताना मागं घरटं निघालं. तू केरसुणी उगारलीस. गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं, त्यातलं एक घरंगळून फळीच्या कडेला आलं आणि उताणं पडलं. ते तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण आवाज काही नाही. मी तुझा हात धरला, "थांब." तेवढ्यात बांबूच्या डालग्यामागून आई आली. दोन बायका, एक केरसुणी, एवढं समोर असताना आली, पिल्लाला मानेशी धरलं आणि घेऊन गेली. तू केरसुणी खाली केलीस. "मुकं पोर, आणि हिला कसं कळलं गो?" दुसऱ्या दिवशी तू पिंजरा लावलासच म्हणा. "आई बघून झाली, आता नाचणी बघू." पुढं शाळेतल्या बाईंनी सांगितलं की त्या पिल्लांचा आवाज फार बारीक असतो, माणसाच्या कानाला तो लागतच नाही. तुला ते पटलं नाही. "म्हंजे पोर मुकं नव्हतं, आपण बहिऱ्या?" असं म्हणून तू बाईंकडेच संशयानं बघितलंस.

शिमगा झाल्यावर तुझ्या अंगावरून वारं गेलं. महाडच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवं अंग गेलेलं आणि बोलणं गेलेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सांगितलं, घशातून आवाज येईल, पण त्याला काही अर्थ असेलच असं नाही. आतून किती समजतं तेही आत्ता सांगता येणार नाही. दिनेशनं ते मनात धरलं. मीही धरलं. बोलून बोलून घर डोक्यावर घेणारी तू, आणि तुझं तोंड नुसतं उघडत होतं, मिटत होतं. पहिले दिवस मी तुला भरवायचे, पुसायचे आणि मागच्या दारी जाऊन रडायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुझ्या तोंडाकडे बघताना मला माळ्यावरचं ते पिल्लू आठवलं. मी पदरानं डोळे पुसले आणि तुझ्या उशाशी पाट घेऊन बसले.

पुढं आवाज फुटला. दोनच आवाज. एक आखूड, घशात तुटलेला, हक्. दुसरा नाकातून लांब येणारा, ऊंऽऽ. भेटायला माणसं यायची, तुझ्या खाटेपाशी बसून तुझ्याबद्दल बोलायची. "बिचारी. आता काय कळत नाय तिला." तू हक् करायचीस. ती चहा प्यायची. तू परत हक् करायचीस. ती उसासा टाकायची आणि भाताच्या भावावर बोलायला लागायची. मी दाराआडून बघत होते. खार ओरडली आणि एकीनंही मान वर केली नाही, तर तिच्या ओरडण्याला काय अर्थ राहणार? तुझ्या आवाजात अर्थ नव्हता असं नाही आक्का. त्यावर कुणी काही करतच नव्हतं.

म्हणून मी करायला लागले. तू आवाज केलास की मी काहीतरी करायचंच, चुकलं तरी चालेल, असं ठरवलं. हक् केलंस की उशी काढायची. परत हक्, की उशी ठेवायची. पाणी आणायचं, पंखा बंद करायचा, खिडकी लावायची. तू गप्प झालीस की समजायचं, हे बरोबर होतं. एका सकाळी तर तू हक् हक् करून थांबेनास. मी घरातली एकेक वस्तू तुला आणून दाखवली, शेवटी कोंबडीसुद्धा धरून आणली. तू डावा हात उचलून माझ्या कपाळाकडे केलास. मला चुलीची राख लागली होती. ती पूस म्हणत होतीस! मी पुसली. तू अर्ध्या तोंडानं हसलीस, कोंबडी हातातून सुटली आणि मी तुझ्या खाटेवर डोकं ठेवून हसत रडले, का रडत हसले.

मग बसलं सगळं. आखूड म्हणजे नाय, लांब म्हणजे हाय, लागोपाठ दोन आखूड म्हणजे धाकटे, इकडं ये. तू रागानं सगळ्यालाच नाय म्हणतेस का ते बघायला मी मुद्दाम उलटं विचारायचे. "मीठ जास्त झालं ना?" आणि मग, "मीठ बरोबर हाय ना?" तू एकदाही चुकली नाहीस. शेवंता एकदा म्हणाली, "आक्का बारीक झाल्यात, पण चेहरा कसा छान दिसतो." तू भिंत हलेल असं हक् केलंस. मी शेवंताला सांगितलं, "आक्का म्हणते, खोटं बोलू नको." शेवंता तुझ्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत या घराच्या वतीनं पहिल्यांदा मी बोलले होते.

गौरी-गणपती झाल्यावर दिनेश गाडी घेऊन आला. तुला मुंबईला न्यायचं त्याचं ठरलं होतं. त्याला वाईट कसं म्हणू? तुझ्यासाठी खोली रिकामी केली होती, इमारतीला लिफ्ट होती, खालीच व्यायाम करून घेणारा माणूस होता. सून चांगली. तो तुझा हात हातात घेऊन म्हणाला, "आये, जाऊया ना आपल्या घरी?"

हक्.

"हो, हो, जाऊया."

हक्. हक्.

"हो गो आये, जाऊयाच." आणि तुझे केस कुरवाळले.

मी दारात उभी होते. म्हणाले, "ती नाय म्हणते."

तो हसला, समजुतीनंच. "काकी, डॉक्टर काय बोलला ते आठवतंय ना? तो नुसता आवाज हाय. प्रॅक्टिकल विचार कर. ती पडली तर तुला उचलणार हाय का?" मी दारातून हलले नाही. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. तुला एकटीला राहायचं नाय ना, म्हणून तुला तसं ऐकू येतं."

मी चुलीपाशी जाऊन बसले. त्यानं खोटं सांगितलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. मला तू जायला नको होतीस आक्का. तू गेलीस तर या घरात मला कुणी हाक मारणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे तुला कधी सांगितलं नाही, आत्ता सांगते. आणि मला भीती वाटली, की मी त्या पिल्लासारखी लुगड्याला साप म्हणते आहे का? सहा महिने मला जे ऐकू येत होतं ते तुझं होतं, का माझंच? तू आतून रोज सांगत असशील, धाकटे, मला लेकाकडं धाड, आणि मीच उलटं ऐकत असेन तर?

मग मी उठले. बाहेर आले. दिनेशच्या समोर उभी राहिले. तो माझ्यापेक्षा लहान, माझ्याच मांडीवर खेळलेला, पण आता या घरातला कर्ता पुरुष तोच.

"दिनेश, मी परसात जाते. ओढ्याकडं जाते, मला दिसणार नाय न ऐकूही येणार नाय. तू विचार तिला. सुलटं विचार, उलटं विचार. मला म्हाईत नाय असं काय तरी विचार, तुम्हा मायलेकांतलंच. आखूड म्हंजे नाय, लांब म्हंजे हाय. आणि ती जाते म्हणली, तर तिची गोधडी मी स्वतः गाडीत ठेवीन."

एवढं मी एका दमात बोलले.  तू डोळे मोठे करून बघत होतीस.

मी ओढ्यापाशी जाऊन उभी राहिले. भात पोटरीला आलं होतं. वर रानातून शेकरूचा आवाज आला, खडखड वाजणारा, एकट्याचा. तो थांबला आणि मग काहीच नाही. मी वहाणेनं एकाच जागी माती उकरत होते. एवढा वेळ लागला की मला वाटलं, संपलं, तू हाय म्हणालीस आणि त्याला मला सांगायला जड जातंय. मनात तुझी गोधडीसुद्धा घडी करून झाली माझी.

आणि मग घरातून हसण्याचा आवाज आला. तुझं ते अर्धं, फसकन येणारं हसणं, आणि त्याच्यावर दिनेशचं. वारं गेल्यापासून त्याला मी हसताना ऐकलं नव्हतं. तो मागच्या दारात आला, डोळे गळत होते. "काकी, ये. ये लवकर."

त्यानं आधी साधं साधं विचारलं होतं. नाव, गाव, बायकोचं माहेर पोलादपूर का, मग महाड का. मग त्याला लहानपणीची ती गौरीच्या नैवेद्याची करंजी आठवली. ताटातली करंजी गायब झाली होती आणि तू उंदराला शिव्या घालत आठ दिवस पिंजरा लावला होतास, ते मलाही आठवतं. त्यानं विचारलं, "आये, ती करंजी काकानं खाल्ली?" हक्. "उंदरानं खाल्ली?" हक्. "मग मी?" यावर तू जो ऊंऽऽ काढलास तो म्हणे संपेचना. "म्हंजे तुला तवापासून ठाऊक हाय?" परत ऊंऽऽ. मग त्यानं विचारलं, मुंबईला यायचं? हक्. इथं राहायचं? ऊंऽऽ. इथं कंटाळलीस ना? हक्. काकीच्या भीतीनं बोलतेस का? यावर तू हक् पण केलं नाहीस म्हणे, नुसतं हसत सुटलीस.

"सहा महिने," तो उंबऱ्यावर बसून म्हणाला, "सहा महिने मी तिच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं बोललो काकी. ती सगळं ऐकत होती."

त्यानं गाडीतून पिशव्या काढल्या. तुझी औषधं परत फळीवर लावली. महाडहून आठवड्यातून एकदा व्यायाम घ्यायला बाई यावी अशी सोय करून तो गेला, आणि रोज संध्याकाळी फोन करायला लागला. मी फोन तुझ्या तोंडाशी धरायचे. तो दिवसभराचं सांगायचा आणि मध्ये मध्ये विचारायचा, तू हाय-नाय करायचीस. एकदा बायकोशी भांडण झालेलं सांगत होता. तू इतक्या वेळा हक् केलंस की शेवटी म्हणाला, "बरं बाई, माझीच चूक."

दिनेशनं गाडीतून पिशव्या काढल्या त्या दिवशी संध्याकाळी मला तुला सांगायचं होतं, आक्का, हरलीस. मी रानात गेले की शेवंता तुझ्यापाशी बसायची. तिनं मला सांगितलं होतं की मी नसताना तू तोंडातून हूं की चूं करत नाहीस, माझी चाहूल लागली की मग सुरू होतेस. कळ आली म्हणून नुसता आवाज निघत असता, तर तो मी नसतानाही निघाला असता. तू सांगत होतीस. खारही सांगते. पण ज्या माणसाकडे दोनच आवाज उरलेत त्याला वादात हरवू नये, म्हणून मी गप्प बसले. आणि बोराचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पिकलेलं बोर मिळालं की खार गप्पच खाते, मी बघितलंय. तो मुद्दा तुझा.

भात कापणी तू ओटीवरून बघितलीस. झोडणीला माणसं आली त्यांना कुणाला किती वाढायचं ते हक् आणि ऊं करून सांगितलंस. शेवंताच्या नवऱ्याला तिसरी भाकरी नको असं तू बजावलंस, आणि त्यानंही ते मानलं. साऱ्या वाडीला तुझं बोलणं कळायला लागलं होतं. शेवटच्या सकाळी मी विचारलं, "ओटीवर नेऊ?" तू हाय म्हणालीस. शेवंतानं आणि मी तुला नेलं. कोवळं ऊन होतं. मी तुझे केस विंचरत होते, तुझी मान माझ्या हातावर टेकली, मला वाटलं झोप लागली. वेणी पुरी घातली मी.

तुला बोलणं दिलं असं लोक आता माझ्याबद्दल म्हणतात. खरं तसं नाही. तुझ्याजवळ बोलणं होतंच. उलट मला ते कुठून आलं ते मी आज दुपारी बघितलं, आणि तेच सांगून पुरं करते.

तेराव्याचं जेवण उरकलं होतं. ओटीवर सगळी वाडी होती, तुझ्या माहेरची माणसं होती, शिवथरची मंडळी होती. दिनेश सगळ्यांसमोर म्हणाला, "काकी, आता तू चल मुंबईला. एकटी काय करशील इथं?" मी तोंड उघडायच्या आधीच तीन बाजूंनी उत्तरं आली. शेवंता म्हणाली, "जाईल, जाईल. ती कुठं नाय म्हणणार?" तुझा भाऊ म्हणाला, "तिला काय विचारतोस, सामान बांध." आणखी कुणी म्हणालं, बाईमाणूस एकटं राहणं बरं नाय. दिनेश मात्र माझ्याकडेच बघत होता. तो थांबला होता.

"नाय," मी म्हणाले.

 सगळ्यांच्या माना वर झाल्या. पूर्वी अशा वेळी मी आत पळाले असते आणि पुढचं तू सांगितलं असतंस. आत जायला आज दारही जवळच होतं. मी तिथंच उभी राहिले. म्हणाले, गाय गाभण हाय, तिला कुणाच्या हवाली करणार नाय. माळ्यावर नाचणीचं बी ठेवलंय, ते मी पेरणार. शेवंताला साखरेचा त्रास हाय, तिला दवाखान्यात न्यायला कुणी तरी लागतं, आणि तिचं कुठं दुखतं ते मी डॉक्टरला बरोबर सांगीन. शेवंता हसली. तुझा भाऊ म्हणाला, "बरं, बरं, कळलं."

पण माझं बोलून झालं नव्हतं. मी बोलत राहिले.